सोनं पाठीमागे ओढायचं: मध्ययुगीन इंग्लंडचं जरीकाम घरच्या अड्ड्यावर

माझा भरलेला रुमाल हातात आला की आई तो आधी उलटा करायची. गाठी किती, लांब उड्या किती, कुठे चोरून दोरा पुढे नेलाय, हे सगळं तिला पाठीमागे दिसायचं. फूल कसं जमलंय ते ती नंतर बघायची. तेराव्या-चौदाव्या शतकातलं इंग्लिश जरीकाम मला इतकं आवडतं त्यामागे बहुधा हीच सवय आहे, कारण त्या कामाचा सगळा खेळ पाठीमागे चालतो. वरून बघाल तर सोन्याचा सलग पत्रा. तो कापडाला कशाने धरून ठेवलाय ते शोधूनही सापडत नाही. दोरा असतो, पण तो वर येतच नाही. मागे बसून तो सोन्यालाच भोकातून आपल्याकडे ओढून घेतो.

आपल्याकडच्या जरदोजीत कसब किंवा कलाबतू, म्हणजे सोन्या-चांदीची जर, कापडावर ठेवतात आणि बारीक दोऱ्याने वरून टाचतात. दोरा सोन्यावरून जातो, म्हणून बारकाईने पाहिलं तर दिसतो. याला मी ‘वरून टाचणं’ म्हणेन. इंग्लिश कारागिरांचं ते ‘खालून टाचणं’. इंग्रजीत त्याला अंडरसाइड कौचिंग म्हणतात. हा लेख त्याच एका टाक्याचा आहे. सोबतीला रेशमाचा स्प्लिट स्टिच येईल, कारण त्या काळात हे दोन टाके जोडीनेच नांदायचे.

हे काम नेमकं कुणाचं

साधारण १२५० ते १३५० या शंभर वर्षांत इंग्लंडमध्ये, विशेषतः लंडनच्या कार्यशाळांत, चर्चच्या वस्त्रांवर असं काही भरतकाम झालं की युरोपभर त्याला नुसतं ‘इंग्लिश काम’ म्हणू लागले. लॅटिनमध्ये ओपस अँग्लिकानम. १२९५ साली पोपच्या खजिन्याची यादी झाली, तिच्यात हा शब्द शंभराहून अधिक वेळा येतो. त्याआधीचा एक किस्सा मॅथ्यू पॅरिस या सेंट ऑल्बन्सच्या मठवासी इतिहासकाराने टिपून ठेवला आहे. १२४६ मध्ये पोप चौथे इनोसंट यांनी इंग्लंडहून आलेल्या धर्मगुरूंच्या अंगावरची सोनेरी वस्त्रं पाहिली, कुठे होतात म्हणून विचारलं, आणि तसली वस्त्रं पाठवा असा निरोप थेट तिथल्या मठाधिपतींना धाडला. लंडनच्या ज्या व्यापाऱ्यांकडे असा माल होता त्यांना याचं मुळीच वाईट वाटलं नाही, त्यांनी मनाला येईल त्या भावाने तो विकला, असंही पॅरिस लिहितो. व्यापारी सगळीकडचे सारखेच.

कारागिरांत बायका होत्या तसे पुरुषही होते. बहुतेकांची नावं गेली. बेरी सेंट एडमंड्सची मेबल मात्र राजा तिसऱ्या हेन्रीच्या हिशेबाच्या कागदांत टिकून आहे. १२४०च्या आसपास तिने त्याच्यासाठी काम केलं आणि पुढे १२५६ मध्ये राजा तिच्या गावी गेला तेव्हा तिला झग्यासाठी कापड आणि सशाच्या फरचं अस्तर द्यायचा हुकूम त्याने काढला.

आज यातलं उत्तम काम बघायचं तर लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. तिथे ‘सायन कोप’ आहे, अंदाजे १३१० ते १३२० मधला. कोप म्हणजे खांद्यावरून घेऊन छातीशी अडकवायची, घोट्यापर्यंत पोचणारी अर्धगोल शाल. लंडनजवळच्या सायन मठातल्या जोगिणी (नन) परदेशात परागंदा झाल्या तेव्हा हा कोप त्यांच्याबरोबर गेला आणि एकोणिसाव्या शतकात परत आला. तिथलाच ‘बटलर-बोडन कोप’ लाल मखमलीवरचा, १३३० ते १३५० दरम्यानचा. इटलीतल्या अस्कोली पिचेनोच्या कॅथेड्रलला पोप चौथे निकोलस यांनी १२८८ मध्ये भेट दिलेला कोपही याच घराण्यातला.

आता मुद्द्याची गोष्ट. कोप ही भिंतीवर लावायची वस्तू नव्हती. माणूस ती अंगावर घेऊन चालायचा, गुडघे टेकायचा, हात वर करायचा. सोनं सलग पत्र्यासारखं बसवलं असतं तर वस्त्र पुठ्ठ्यासारखं ताठ झालं असतं. खालून टाचताना दर दोन-तीन मिलिमीटरवर सोनं कापडात बुडी मारतं, आणि बुडीची प्रत्येक जागा बिजागरीसारखी वाकते. शिवाय टाचणारा दोरा मागे सुरक्षित असल्यामुळे वरच्या घर्षणाने झिजत नाही. वरून टाचलेल्या जुन्या कामात पहिल्यांदा तो बारीक दोरा तुटतो आणि सोनं सुटून लोंबायला लागतं. सातशे वर्षांपूर्वीचं सोनं अजून जागेवर आहे ते या मागे लपलेल्या दोऱ्यामुळे.

काय करायचंय

पहिल्याच फटक्यात संतांचे चेहरे नकोत. पाच सेंटिमीटर बाजूचा एक चौकोन घ्या. मधोमध ओकचं एक पान, रेशमी हिरवं. भोवतीची सगळी जागा सोन्याने भरलेली. ओक मी मुद्दाम घेतला. बटलर-बोडन कोपवर संतांच्या भोवती ज्या कमानी आहेत त्या ओकच्या पिळदार फांद्यांच्या आहेत, पानं आणि फळांसकट. पानाची कड गोल गोल कातरलेली असते, त्यामुळे सोन्याच्या ओळी वेड्यावाकड्या कडेशी कशा थांबवायच्या याचा सराव आपोआप होतो. पिंपळाचं पान सोपं गेलं असतं, पण सोपं करून काय शिकणार?

आधी हिशेब मांडू. चौकोन २५ चौरस सेंटिमीटर, पान साधारण ५, म्हणजे सोन्यासाठी उरले २०. जर ०.४ मिलिमीटर जाड असेल तर एका सेंटिमीटरात २५ ओळी बसतात, म्हणून वरचं सोनं झालं ५ मीटर. दर ३ मिलिमीटरला एक टाका धरला तर १,६५० च्या आसपास टाके. प्रत्येक टाक्याला मिलिमीटर-दीड मिलिमीटर सोनं मागे जातं, ते आणखी दोन-अडीच मीटर. म्हणजे सात-साडेसात मीटर जर हवी, दहा आणा. मिनिटाला चार टाके या माझ्या वेगाने नुसत्या सोन्याला सात तास लागतात. हे आकडे डोक्यात ठेवून मग संपूर्ण भरलेला कोप डोळ्यांसमोर आणा. घाम फुटतो.

सामान

कापड लिननच हवं. हा हट्ट नाही. लिननचे धागे सरकतात, भोकाला वाट देतात आणि सोन्याचा फास मागे गेला की पुन्हा जवळ येऊन त्याला धरतात. घट्ट विणलेल्या पॉपलीनवर मी करून पाहिलं. सोनं भोकाच्या कडेवर घासून फाटतं. सेंटिमीटरला १८ ते २० धागे असलेलं साधं लिनन घ्या, दोन थर. दुसरा थर परवडत नसेल तर खाली धुतलेला, विरविरीत विणीचा मांजरपाट चालतो. दोन्ही कापडं आधी गरम पाण्यातून काढून वाळवा, नाहीतर नंतर एक आकसेल आणि दुसरं नाही.

जर घेताना फसायला होतं. मूळ कामात चांदीची अतिबारीक पट्टी, तिच्यावर सोन्याचा मुलामा, आणि ती पट्टी रेशमाच्या गाभ्यावर पिळून गुंडाळलेली, असा दोरा असायचा. आपल्याकडे याला कलाबतू म्हणतात आणि सुरतेत अजून बनतो. बाजारात मात्र ‘जर’ या एका शब्दाखाली चार वस्तू मिळतात: चांदीची असली, तांब्यावर मुलामा दिलेली टेस्टेड, आणि प्लॅस्टिकच्या चकचकीत फितीची दोन-तीन रूपं. पहिल्या खेपेला मी एका दुकानातून ‘एकदम असली’ म्हणून रीळ आणलं. अर्धा तास भरलं, आणि मग लक्षात आलं की भोकातून मागे जाताना सोनेरी फीत गाभ्यावरून सोलून वर राहते आणि मागे नुसता पांढरा दोरा जातो. वर सोनेरी भुसा. सगळं उसवलं.

तेव्हापासून मी दुकानातच परीक्षा घेते. पर्समध्ये लिननचा तुकडा आणि सुई असते. हातभर जर मागायची, त्याच भोकातून दहा वेळा आत-बाहेर करायची आणि नख लावून बघायची. गुंडाळी उलगडली, गाभा दिसला तर रीळ परत. टेस्टेड जर या परीक्षेत बहुतेकदा पास होते, आणि सरावाला तीच घ्यावी. असली चांदीची जर पहिल्या तुकड्यावर उधळण्यात अर्थ नाही. कागदाच्या पट्टीवर सोनं चढवलेला जपानी दोरा फार देखणा दिसतो, पण तो वरून टाचायचा. खालून ओढलात की कागद दुमडतो आणि फाटतो.

टाचायला लिननचाच दोरा हवा, बारीक पण चिवट. बुकबायंडिंगवाल्यांकडे मिळतो तो बराच जाड असतो, त्यातला सर्वांत बारीक नंबर मागा. नाहीच मिळाला तर रजईकामाचा मजबूत पॉलिएस्टर दोरा वापरा. मध्ययुगीन नाही, पण तुटत नाही. दोरा मधमाशीच्या मेणाच्या वडीवरून दोनदा ओढून घ्यायचा. पानासाठी बिनपिळाचं रेशीम, हिरव्याच्या तीन छटा आणि कडेला गडद तपकिरी. हे रेशीम बोटांच्या खरखरीत कातडीला इतकं अडकतं की भांडी घासून लगेच बसू नये. आदल्या रात्री हाताला खोबरेल आणि बसण्याआधी साबणाने स्वच्छ धुणं, एवढं पुरतं.

सुया तीन: रेशमाला बारीक, टाचायला मध्यम आणि टोकदार, आणि सोन्याची टोकं मागे उतरवायला मोठ्या नेढ्याची एक. अंगुस्ताना खालच्या हाताच्या बोटात घाला.

अड्डा

गोल रिंग विसरा. दोन्ही हात मोकळे हवेत, एक वर आणि एक खाली, आणि ताण शेवटच्या टाक्यापर्यंत तसाच राहिला पाहिजे. जरदोजीचा छोटा अड्डा, म्हणजे कापड ताणून धरणारी लाकडी चौकट, मिळाला तर उत्तम, तो याच कामाचा चुलतभाऊ आहे. नसेल तर सुताराकडून ३० बाय ३० सेंटिमीटरची मजबूत लाकडी चौकट करून घ्या. मांजरपाट आधी ताणा, त्यावर लिनन बसवून कडा हाताने शिवा, मग चारी बाजूंनी सुतळीने खेचत जा. समोरासमोरच्या बाजू आळीपाळीने ओढायच्या आणि कापडाचे उभे-आडवे धागे सरळ राहताहेत ना ते बघत राहायचं. बोटाने टिचकी मारली की ढोलकीच्या पुडीसारखं वाजलं पाहिजे. आवाज थबथबीत आला तर अजून ओढा. रात्रीतून ताण थोडा उतरतो, म्हणून सकाळी पुन्हा टिचकी.

अड्डा दोन स्टुलांवर किंवा टेबलाच्या कडेला टेकवा, मांडीवर नको. खालचा हात मुख्य हात. मी उजखोरी, म्हणून माझा उजवा हात खाली असतो, कारण ओढायचं काम खालून आहे. पहिले दोन दिवस आंधळेपणाने चाचपडल्यासारखं वाटतं, तिसऱ्या दिवशी हाताला डोळे फुटतात.

नक्षी उतरवणं

आपल्याकडचे छापेवाले ट्रेसिंग पेपरला सुईने भोकं पाडून त्यावरून रॉकेलात कालवलेली भुकटी फिरवतात. युरोपातही भोकं पाडून भुकटी थापायची पद्धत होतीच, फक्त कोरडी. लिननवर मी कोरडीच वापरते, रॉकेलाचा डाग आणि वास दोन्ही नकोत. कोळसा खलबत्त्यात कुटून वस्त्रगाळ करा, जुन्या फडक्याची पुरचुंडी करून भोकांवर हलकेच थापा. कागद सरळ वर उचला. ठिपके दिसले की बारीक कुंचल्याने, पातळ केलेल्या तपकिरी शाईने जोडून घ्या आणि उरलेला कोळसा फुंकून टाका. मूळ वस्त्रांवर जिथे रेशीम झिजून गेलंय तिथे खाली शाईने काढलेल्या रेषा आजही दिसतात. चित्र कापडावर नीट काढल्याशिवाय ते लोकसुद्धा सुई धरत नसत.

याच वेळी सोन्याच्या जागेत, पेन्सिलीने, तुमच्या टाक्यांची नक्षी आखून घ्या. ती कशासाठी ते पुढे येईल.

आधी रेशीम

पान आधी भरायचं, सोनं नंतर. सोनं आधी भरलं तर रेशीम भरताना मनगट त्यावर घासत राहतं.

स्प्लिट स्टिच ऐकायला सोपा. एक छोटा टाका घ्या, मग सुई खालून वर आणताना त्याच टाक्याच्या मधून, रेशीम चिरत, बाहेर काढा आणि पुढचा टाका घ्या. साखळीसारखी पण तिच्याहून सपाट रेघ उमटते. टाका दोन मिलिमीटरच्या वर जाऊ देऊ नका, वळणावर एकच. कातरलेल्या कडेवर लांब टाका घेतलात तर गोलाई मोडते आणि पान कात्रीने कापल्यासारखं दिसतं.

आधी तपकिरी बाह्यरेषा, मग मधली शीर, मग शिरेपासून कडेकडे हिरव्या ओळी, एकीला एक चिकटून. गडद छटा शिरेजवळ, फिकी कडेशी. ओळींची दिशा पान वाढतं त्या दिशेने ठेवा. बिनपिळाच्या रेशमाला टाक्याच्या दिशेप्रमाणे वेगळी झळाळी येते, म्हणून अर्ध्या पानात ओळी एकीकडे आणि उरलेल्यात दुसरीकडे वळल्या की एकच हिरवा रंग दोन दिसतो. छटांपेक्षा जास्त काम ही दिशा करते.

मध्ययुगीन कारागीर चेहऱ्यावर हीच युक्ती वापरत. गालाच्या मध्यावरून सुरुवात करून ते स्प्लिट स्टिच गोगलगायीच्या शंखासारखा फिरवत बाहेर नेत. सगळं एकाच रंगाचं रेशीम, पण उजेड त्या भोवऱ्यावर वेगवेगळा पडतो आणि गाल फुगीर वाटतो. दाढी-केसांना दोन रंगांचे आळीपाळीने पट्टे, डोळे मोठे, कड गडद. पान जमल्यावर नाण्याएवढा एक चेहरा जरूर करून बघा. माझा पहिला चेहरा दाढदुखी झाल्यासारखा दिसतो, कारण दोन गालांचे भोवरे मी एकाच दिशेने फिरवले.

आता सोनं

इथे घाई करू नका. बाजूला लिननच्या मोकळ्या जागेत वीसेक टाके आधी करून बघा.

जरीचं टोक चार सेंटिमीटर मोकळं सोडून पहिली ओळ चौकोनाच्या कडेला उभी धरा. ती वरच्या हाताच्या अंगठ्याखाली, ओढून न धरता, सरळ राहील इतपत. मेण लावलेला लिननचा दोरा मागे गाठ मारून पक्का करा. आता सुई खालून वर आणा, बरोबर त्या रेषेवर जिथे सोनं बसणार आहे. सोनं जरा बाजूला सारा, दोरा वर येऊ द्या, मग सोनं पुन्हा जागेवर आणा. दोरा आता सोन्याच्या एका बाजूला उभा आहे. तो सोन्यावरून पलीकडे घ्या आणि सुई ज्या भोकातून वर आली होती त्याच भोकातून खाली घाला. शेजारच्या नाही, त्याच.

दोरा खाली ओढत जा. वर सोन्याभोवती त्याचा छोटा फास उरेल. आता खालच्या हाताने दोरा सरळ खाली, कापडाशी काटकोनात, एकदा ठामपणे ओढा. क्षणभर कापड अडवतं. मग पिकलेल्या शेंगेतून दाणा निसटावा तसं काहीतरी बोटांना जाणवतं, कान दिलात तर बारीक ‘टुक’ ऐकू येतं, आणि दोरा वरून नाहीसा होतो. सोन्याचा कणभर वेढा मागे गेला. वर उरली एक खळी.

अड्डा उलटा करून बघा. दोऱ्याने सोन्याचा इवलासा फास पकडून ठेवलेला दिसेल, मोहरीच्या दाण्याहून लहान. दोरा तिथून तसाच मागच्या मागे पुढच्या भोकाकडे न्यायचा. पुढचा टाका तीन मिलिमीटरवर. ओळ संपली की सोनं कडेशी वळवा, अगदी वळणावर एक टाका घ्या म्हणजे वळण मागे जाईल आणि कड स्वच्छ राहील, आणि पहिल्या ओळीला खेटून दुसरी ओळ उलट दिशेने सुरू करा. पान आडवं आलं की त्याच्या कडेलाही असंच वळायचं. पानाच्या तपकिरी रेषेला सोनं भिडलं पाहिजे. मध्ये लिननचा पांढरा केस दिसला तर तो कायम दिसत राहील.

‘टुक’ झालं नाही तर काय? दहातल्या नऊ वेळा कारण एकच: सुई दुसऱ्या भोकात गेली आहे आणि दोन भोकांमध्ये लिननचा एक धागा आडवा आलाय. तो धागा सोन्याला खाली जाऊ देत नाही. जोर लावू नका, दोरा तुटेल किंवा सोन्याची गुंडाळी चिरेल. टाका काढा, पुन्हा घ्या. सुई दोऱ्यालाच टोचून खाली गेली तरी असंच अडकतं. म्हणून खाली घालताना वरचा दोरा बाजूला ओढून धरा आणि भोक डोळ्यांनी बघा. चष्मा असेल तर लावा. भिंग असेल तर त्याहून बरं.

खळीत पांढरा ठिपका दिसतोय म्हणजे दोरा पुरता खाली गेलेला नाही, आणखी थोडं ओढा. सोनं तिरकं बसलं किंवा गुंडाळी उघडून गाभा दिसला, तर तुम्ही खाली ओढण्याऐवजी आडवं ओढताय. खालचा कोपर अंगाजवळ घ्या. सगळं बरोबर करूनही कापड गोळा होत असेल तर टिचकी मारून बघा, ताण उतरला असेल. आणि दोरा हातभरापेक्षा लांब घेऊ नका. लिननच्या दोऱ्याला प्रत्येक टाक्यात त्याच भोकात दोनदा घासावं लागतं, तीस-चाळीस टाक्यांनंतर त्याला लव सुटते. तुटायची वाट न बघता बदला.

खळ्यांची नक्षी

पेन्सिलीच्या रेषा आता उपयोगी पडतील. वर दोरा दिसत नाही, पण खळ्या दिसतात, आणि खळ्या कुठे पाडायच्या ते तुमच्या हातात आहे. पहिल्या ओळीतल्या खळ्यांच्या मधोमध दुसऱ्या ओळीतल्या, असं केलं तर विटांचं बांधकाम. प्रत्येक ओळीत किंचित सरकवत गेलात तर तिरप्या रेघा, आणि ठरावीक ओळींनंतर उलट सरकवलंत तर नागमोडी. दोन्ही तिरप्या रेघा एकमेकींना छेदू दिल्या की आपली शंकरपाळी. जुन्या वस्त्रांवर संतांच्या मागची सोनेरी जमीन अशाच नक्ष्यांनी भरलेली असते. फोटोत हे सपाट सोनं वाटतं. प्रत्यक्षात, विशेषतः मेणबत्तीच्या उजेडात, माणूस हलला की ती नक्षी उमटते आणि विझते.

पहिल्या तुकड्याला नागमोडी करा. विटांच्या नक्षीत एक खळी चुकली तरी डोळ्यात खुपते, नागमोडीत खपून जाते.

शेवटी सोन्याची मोकळी टोकं. मोठ्या नेढ्याच्या सुईत दोऱ्याचा फास ओवा, फासात सोन्याचं टोक घाला आणि झटक्यात मागे ओढून घ्या. थेट सुईत जर ओवलीत तर नेढ्यावर ती मोडते. मागे ते टोक दोन टाक्यांनी पक्कं करून सेंटिमीटरभर ठेवून कापा.

हे तंत्र मागे का पडलं

१३४८-४९ च्या प्लेगने इंग्लंडची फार मोठी लोकसंख्या नेली, त्यात कारागीरही गेले. पण एवढ्यावर भागत नाही. त्याच सुमारास इटलीहून जड मखमल आणि नक्षीदार रेशमी कापड येऊ लागलं. कापडच एवढं श्रीमंत म्हटल्यावर सगळी जमीन सोन्याने भरायची गरज उरली नाही. सुटे आकार वेगळे भरून कापडावर बसवले की काम लवकर व्हायचं, आणि वरून टाचणं केव्हाही जलद. पंधराव्या शतकात बर्गंडी आणि फ्लँडर्समध्ये जे जरीकाम गाजलं ते वरून टाचण्याचंच: सोनं आडवं पसरायचं आणि रंगीत रेशमाने, कुठे दाट कुठे विरळ टाचत, चित्र रंगवायचं. त्याला ओर न्युए म्हणतात. तेही थक्क करणारं काम आहे, पण ते वस्त्राहून चित्राच्या अधिक जवळचं. माझं मत विचाराल तर मी खालून टाचण्याच्या बाजूची.

आपल्या जवळ पाहायचं तर जुन्या गोव्यात, सांता मोनिका मठातल्या म्युझियम ऑफ ख्रिश्चन आर्टमध्ये चर्चची भरजरी वस्त्रं आहेत. ती पोर्तुगीज काळातली, म्हणजे या लेखातल्या कामाहून बरीच नंतरची. या लेखातलं काम बघून ती बघायला गेलात तर टाचणारा दोरा वर दिसतोय का, एवढं वाकून बघा.

अड्ड्यावरून उतरवताना

सुतळ्या एकदम कापू नका, चारी बाजूंनी थोड्या थोड्या सैल करा आणि रात्रभर ठेवून मग कापड सोडवा. आपल्याकडे जरदोजीच्या पाठीला खळ किंवा डिंक लावायची रीत आहे. इथे लावू नका; बिजागऱ्या चिकटल्या की इतके तास घातलेत ते फुकट गेले. इस्त्री नाही, पाणी नाही. मागे मऊ सुती अस्तर कडेने हलकं शिवा.

ठेवताना घडी नको, सोनं बाहेरच्या बाजूला येईल असं जाडसर नळीवर गुंडाळा. वर जुन्या सुती साडीचा, अनेकदा धुतलेला तुकडा घ्या. प्लॅस्टिकची पिशवी, रबरबँड, लोकरीचं कापड दूर, कारण चांदी काळी पडते ती गंधकाने आणि रबर-लोकरीत तो असतो. कोकणातल्या पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी टाका आणि दसऱ्याला बदला.

गुंडाळण्याआधी एक गंमत करा. हा चौकोन मनगटावर ठेवा. सोन्याच्या ओळी हाताच्या लांबीच्या दिशेने येतील असा धरलात तर तो लगेच वळतो. आता नव्वद अंशांत फिरवा, म्हणजे ओळी मनगटाभोवती वळतील. वरून टाचलेलं सोनं या दिशेला ताठ राहतं, जोर केला तर मोडून कोपरा पडतो. तुमचा तुकडा खळी-खळीत वाकून मनगटाला लपेटला, तर टाके मागे नीट गेले आहेत. एखाद्या ठिकाणी वाकताना कुरकुरला, तर अस्तर उचलून तिथे मागे बघा. सोन्याचे फास कमी दिसतील.